टस्कनीच्या पांढऱ्या वाटा आणि माथ्यावरची गावे: सान जिमिन्यानो ते रादिकोफानी माउंटन बाइकवरून

प्रश्न थोडक्यात असा आहे: पन्नाशीच्या आसपासची दोन माणसे, घाटात सायकल चालवण्याची चांगली सवय आणि हाताशी सहा दिवस. इटलीतल्या टस्कनी प्रांतात सान जिमिन्यानोहून निघून सिएनामार्गे रादिकोफानीपर्यंत माउंटन बाइकने जायचे, वाटेतली जुनी गावे नीट पाहायची आणि रोज सरासरी ७० किलोमीटर अंतर कापायचे, असा बेत आहे. सायकल कोणती घ्यावी, कोणत्या महिन्यात जावे आणि हा बेत जमण्यासारखा आहे का, असे विचारले आहे. या पट्ट्यात मी वेगवेगळ्या ऋतूंत अनेकदा सायकल चालवली आहे आणि काही लहान गटांना सोबत नेले आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो ती अशी, की बेतातला ७० हा आकडा खोडून टाका आणि त्याच्या जागी दिवसाची चढाई किती मीटर आहे ते लिहा.

यामागचे कारण या गावांच्या इतिहासातच आहे. येथील बहुतेक जुनी गावे टेकड्यांच्या माथ्यावर आहेत, कारण मध्ययुगात सखल भाग दलदलीचा आणि हिवतापाचा होता, आणि उंचावरून शत्रू लांबूनच दिसत असे. वाटेतल्या मोंतेरिज्जोनी या गावाच्या पायथ्याजवळ इ. स. १००१ मध्ये स्थापन झालेला एक मठ आहे. त्याच्या नावातच ‘बेट’ हा शब्द आहे, कारण त्या काळी त्याच्याभोवती पाणथळ जमीन पसरलेली होती. आज तिथे कोरडी सपाट शेते आहेत, पण गावे मात्र वरच राहिली. याचा सायकलस्वाराच्या दृष्टीने अर्थ असा, की सकाळी मुक्काम सोडला की उतार लागतो, दुपारी ओढे-नाले आणि लहान टेकड्या यांची चढउतार चालते, आणि अंगातले बळ संपत आलेले असताना शेवटचा मोठा चढ समोर येतो. सान जिमिन्यानो सुमारे ३२४ मीटर उंचीवर आहे आणि सिएनाही जवळपास तितक्याच उंचीवर आहे. नकाशावर हे आकडे पाहून दोहोंमधला रस्ता सपाट असेल असे वाटते, आणि तिथेच पहिल्यांदा जाणाऱ्याची फसगत होते. पुढे बुओनकोन्वेन्तो १४७ मीटरवर, मोंताल्चीनो ५६० मीटरच्या थोडे वर, पिएन्झा ४९० मीटरच्या आसपास आणि रादिकोफानी ८०० मीटरच्या वर आहे. एकेक चढ आपल्या घाटांइतका लांब नसला तरी तो दिवसातून पाच-सहा वेळा येतो आणि मध्ये सलग विसावा मिळत नाही.

माझा हिशेब साधा आहे. सामान लादलेल्या माउंटन बाइकवर कच्च्या रस्त्याने १२ किलोमीटरला एक तास धरावा आणि प्रत्येक ४०० मीटर चढाईला आणखी एक तास जोडावा. या प्रदेशात दर १० किलोमीटरला २०० ते २५० मीटर चढाई सहज होते. म्हणजे ७० किलोमीटरच्या दिवसात चढाई १६०० मीटरच्या आसपास जाईल आणि नुसते सायकल चालवण्याचे तास दहाच्या जवळ पोहोचतील. असा दिवस एखादा निभावेल. सलग सहा दिवस असे केले तर गावे फक्त अंधार पडताना आणि उजाडताना दिसतील. याउलट ३५ किलोमीटर अंतर आणि ८०० मीटर चढाई यांना पाच तास लागतात, आणि सकाळी आठला निघालेला माणूस दुपारी दोन-अडीचपर्यंत मुक्कामी पोहोचून हात-तोंड धुऊन गावात पायी फिरू शकतो. जुनी गावे पाहायची असतील तर ती पायीच पाहावी लागतात. दगडी फरसबंदीच्या अरुंद, उताराच्या आणि माणसांनी भरलेल्या गल्ल्यांत सायकल हाताने ढकलत न्यावी. तो दगड ओला झाला की चाक निसटते, हे वेगळे सांगायला नको.

मार्गाचा कणा म्हणून व्हिया फ्रान्चिजेना ही जुनी यात्रावाट घ्यावी, असे मी सुचवेन. कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक इ. स. ९९० च्या सुमारास रोमला जाऊन परतला तेव्हा त्याच्या मुक्कामांची यादी लिहून ठेवली गेली, आणि त्या यादीच्या आधारे आजची वाट आखली आहे. १९९४ मध्ये युरोप परिषदेने तिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. पायी चालणाऱ्यांच्या टप्प्यांप्रमाणे सान जिमिन्यानो ते मोंतेरिज्जोनी सुमारे ३१ किलोमीटर, तेथून सिएना २१, सिएना ते पोंते दार्बिया २६, तेथून सान क्विरिको २७ आणि सान क्विरिको ते रादिकोफानी ३३ किलोमीटर, म्हणजे एकूण १४० च्या आत अंतर होते. सहा दिवसांत त्यात दोन चांगले फाटे जोडता येतात आणि तरीही घाई होत नाही. पायवाटेच्या खुणा आणि सायकलमार्गाच्या खुणा वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवा. पायवाटेवर कुठे पायऱ्या लागतात, कुठे ओढा ओलांडावा लागतो. तुमच्यासारख्या घाटात तयार झालेल्यांना पायवाटेचा मोठा भाग चालवता येईल, पण समोरून पाठीवर ओझे घेतलेला यात्रेकरू येत असेल तर थांबून वाट त्याला द्यायची. हँडलला घंटा असू द्या आणि ती लांबूनच वाजवा.

आता पांढऱ्या रस्त्यांविषयी, कारण या प्रवासाचे खरे रूप त्यांच्यात आहे. चुनखडीच्या खडीने आणि भुकटीने दाबून केलेले हे कच्चे रस्ते शेतवाड्यांना जोडतात, आणि ते डांबराखाली जाऊ नयेत या तळमळीने जानकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७ मध्ये गायोले या गावी जुन्या सायकलींची एरोइका ही फेरी सुरू केली. तिचा सुमारे २०९ किलोमीटरचा खुणा लावलेला मार्ग वर्षभर खुला असतो आणि त्याचे काही तुकडे तुमच्या वाटेला येऊन मिळतात. व्यावसायिक स्पर्धकांची स्त्रादे बियांके ही शर्यत २००७ पासून याच रस्त्यांवर होते. कोरड्या दिवसांत हे रस्ते वेगवान वाटतात, आणि धोका तिथेच असतो. मोटारींच्या चाकांनी दोन पट्टे घट्ट दाबले जातात आणि मधोमध व कडेला सुटी खडी साचते. वळणावर त्या घट्ट पट्ट्यातच राहावे. पट्टा बदलायचाच असेल तर तो सरळ रस्त्यावर, ब्रेक सोडून बदलावा. उतारावर वळणाच्या अलीकडे, जिथे सगळी वाहने ब्रेक लावतात, तिथे पत्र्याच्या पन्हळीसारख्या आडव्या लाटा तयार झालेल्या असतात. त्यांच्यावर चाक उड्या मारते आणि उडत्या चाकाला ब्रेक लागत नाही. म्हणून लाटा सुरू होण्याआधीच वेग कमी करायचा, ढुंगण सॅडलवरून किंचित उचलायचे, कोपर आणि गुडघे सैल ठेवायचे आणि लाटांवरून सायकलला आपली आपण जाऊ द्यायचे. पुढचा ब्रेक वळणात दाबून ठेवला तर सुट्या खडीवर पुढचे चाक सरकते आणि सावरायला अवधी मिळत नाही. मी सोबत नेलेल्या गटांत जी खरचटणारी पडझड झाली ती जवळपास सगळी अशीच, सोप्या दिसणाऱ्या उतारावर, दिवसाच्या शेवटी झाली.

याच संदर्भात एक गोष्ट निघण्यापूर्वी तपासा. भाड्याने घेतलेल्या सायकलवर डावे लिव्हर बहुधा पुढच्या ब्रेकचे असते, आणि आपल्याकडची सवय बरेचदा उलटी असते. दुकानदाराला सांगून ते बदलून घ्या किंवा पहिला अर्धा तास मोकळ्या मैदानात हाताला नवी सवय लावा. वाहतूक उजव्या बाजूने आहे, आणि डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेवर व परत डांबरावर येताना मन नकळत डावी बाजू धरते. एकमेकांना आठवण करून देण्याचा क्षण तोच.

दुसरा विषय मातीचा, आणि त्यासाठी मला थोडे विस्ताराने लिहावे लागेल. सिएनाच्या दक्षिणेला क्रेते सेनेसी नावाचा प्रदेश सुरू होतो. प्लायोसीन काळात, म्हणजे २५ लाख वर्षांहूनही आधी, येथे समुद्र होता आणि त्याच्या तळाची चिकणमाती म्हणजे आजच्या या राखाडी, झाडे नसलेल्या, लाटांसारख्या टेकड्या. कोरडी असताना ही माती सिमेंटसारखी टणक असते. पाऊस पडल्यावर मात्र ती टायरला असा लेप चढवते की शंभर पावलांत चाक फ्रेममध्ये फिरेनासे होते. त्या अवस्थेत जोर लावून पॅडल मारणे हीच सर्वांत मोठी चूक, कारण चिखल आणि गवत डिरेलरमध्ये, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या यंत्रणेत, गुंततात, डिरेलर वर खेचला जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा धातूचा छोटा तुकडा, म्हणजे हँगर, मोडतो. आश्यानो या गावाजवळ एका एप्रिलमध्ये माझा हँगर असाच मोडला. पाऊस फक्त वीस मिनिटांचा होता आणि तो थांबून तासही झाला होता, म्हणून मी शेताच्या कडेची वाट धरली होती. चेन आखूड करून एकाच गिअरवर सायकल चालवत मी मुक्काम गाठला, पण दुसरा दिवस पूर्ण वाया गेला. तेव्हापासून सायकलच्या नेमक्या मॉडेलचा एक जादा हँगर, चेन तोडायचे अवजार आणि चेनच्या दोन जोडकड्या मी खिशात बाळगतो, आणि भाड्याची सायकल घेणाऱ्यालाही दुकानातून हँगर मागून घ्यायला लावतो. चिखल लागलाच तर उतरून सायकल उचला, लाकडी काटकीने माती खरवडा आणि जवळचा खडीचा किंवा डांबरी रस्ता गाठा. चुनखडीचे पांढरे रस्ते पावसानंतर लवकर निथळतात. शेतातल्या मातीच्या वाटांना मात्र मोठ्या पावसानंतर दोन दिवस तरी द्यावे लागतात. सिएनाहून आश्यानोकडे जाणारा लाउरेताना हा डांबरी रस्ता क्रेतेच्या धारेवरून जातो आणि पावसाच्या दिवसासाठी तो उत्तम पर्याय आहे. कास्सिया हा मुख्य रस्ता मात्र अवजड वाहनांचा आहे. त्याला शक्य तितके टाळावे.

त्यामुळे महिना कोणता, हे बरेचसे मातीवरूनच ठरते. मेचा उत्तरार्ध आणि जूनचा पहिला पंधरवडा मला सर्वांत योग्य वाटतो: गहू हिरवा किंवा पिवळा होऊ लागलेला, दिवस मोठा आणि वाटा बहुधा कोरड्या. सप्टेंबरही चांगला, फक्त द्राक्षतोडणीमुळे अरुंद पांढऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांची वर्दळ असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा पावसाचा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान ३५ अंशांपलीकडे जाते आणि क्रेतेत सावली नाही, म्हणून त्या महिन्यांत पहाटे निघून अकराच्या आत चाक थांबवता येणार नसेल तर जाऊ नये. शिवाय सिएनात २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओ ही घोडेशर्यत असते आणि त्या दिवसांत मुक्काम मिळणे कठीण होते. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात रानडुकरांची शिकार चालते. इटलीत मंगळवार आणि शुक्रवार या दोन दिवशी शिकारीला बंदी असते, तेव्हा त्या काळात जंगलातला टप्पा या वारी ठेवावा आणि एरवी भडक रंगाचे जाकीट घालावे.

सायकल म्हणाल तर मागे सस्पेन्शन नसलेली, २९ इंची चाकांची, पुढे १०० ते १२० मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कची साधी हार्डटेल पुरेशी आहे. पूर्ण सस्पेन्शनची सायकल येथे विनाकारण जड पडते आणि तिच्यावर सामान बांधणे अवघड जाते. टायर २.२ ते २.३५ इंच रुंद, ट्यूबलेस, कडेला बऱ्यापैकी खाचा असलेले घ्यावेत, कारण शेताच्या कडेला काटेरी झुडपे छाटलेली असतात आणि सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) भरलेल्या टायरला त्यांचा त्रास होत नाही. गिअरबाबत मात्र हयगय करू नका. पुढे ३० दात्यांची आणि मागे ५१ दात्यांची चकती असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम १ मीटर ३५ सेंटिमीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला ६० फेरे ठेवून ताशी ५ किलोमीटरच्या खालीही तोल सांभाळून चढता येते. सुट्या खडीच्या तीव्र चढावर हेच उपयोगी पडते: बसूनच पॅडल मारायचे, नाक हँडलकडे झुकवायचे, म्हणजे मागचे चाक घसरत नाही आणि पुढचे उचलले जात नाही. सामान सात-आठ किलोंच्या आत ठेवा आणि ते फ्रेमला व सॅडलमागे बांधा. लटकत्या पिशव्या पन्हळीच्या लाटांवर सैल होतात.

आता दिवस कसे लावावेत ते सांगतो. पहिल्या दिवशी सान जिमिन्यानोहून सकाळी लवकर निघा, पण त्याच्या आदल्या संध्याकाळी, दिवसाचे पर्यटक परत गेल्यावर, ते गाव पाहून घ्या. एके काळी येथे ७२ मनोरे होते असे सांगतात, त्यांतले १४ उरले आहेत. १३४८ च्या प्लेगनंतर गावाची भरभराट थांबली आणि ते फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेले. पाडून नवे बांधण्याइतका पैसा नंतर आला नाही, म्हणून मनोरे टिकले. दिवसाचा शेवट त्या बेटाच्या मठापासून सपाट शेतांतून मोंतेरिज्जोनीकडे जाण्यात होतो. सिएनाने १२१३ ते १२१९ या काळात बांधलेला हा १४ बुरुजांचा कोट टेकडीवर मुकुटासारखा दिसतो. कोटाच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडता येते, इतके ते गाव लहान आहे.

दुसरा दिवस अंतराने सर्वांत लहान असला तरी माउंटन बाइकच्या दृष्टीने तोच सर्वांत रंगतदार आहे. ओकच्या जंगलातून जाणारी दगडगोट्यांची वाट येथे आहे, आणि पुढचा फोर्क सार्थकी लागतो तो येथेच. दुपारपर्यंत कामोल्लिया दरवाजातून सिएनात शिराल. सिएना आपले हृदय तुझ्यासाठी या दारापेक्षा अधिक उघडते, अशा आशयाचा लॅटिन लेख त्या दरवाजावर कोरलेला आहे. सायकल मुक्कामी ठेवा आणि उरलेला दिवस, जमल्यास तिसऱ्या दिवसाची सकाळही, या शहराला द्या. एकच गोष्ट पाहायची असेल तर नगरभवनातले आंब्रोजो लोरेन्झेत्ती याचे १३३८-३९ मधले भित्तिचित्र पाहा. चांगल्या राज्यकारभाराचा परिणाम दाखवताना त्याने शहराबाहेरची शेते, टेकड्या, वाटेवरचे वाटसरू आणि ओझ्याची जनावरे रंगवली आहेत. पुढचे चार दिवस तुम्ही ज्या प्रदेशातून जाणार आहात तोच हा प्रदेश, आणि चित्र पाहून गेलेल्या माणसाला बाहेरच्या टेकड्या ओळखीच्या वाटतात.

तिसऱ्या दिवशी रोमन दरवाजातून बाहेर पडून आर्बिया नदीच्या खोऱ्याने बुओनकोन्वेन्तोपर्यंत जा. वाटेत कूना येथे विटांचे भलेमोठे तटबंद धान्यकोठार आहे. सिएनाच्या कॅथेड्रलसमोरचे सांता मारिया देल्ला स्काला हे रुग्णालय यात्रेकरूंना जे अन्न देई त्यातले धान्य अशा कोठारांतून येत असे. बुओनकोन्वेन्तो हे सखल भागातले विटांचे गाव आहे; १३१३ मध्ये सम्राट सातवा हेन्री येथेच वारला. चौथ्या दिवशी मोंताल्चीनोचा फाटा घ्या: ४०० मीटरहून अधिक चढ असल्याने तो सकाळीच उरकावा. १५५५ मध्ये सिएना शरण गेल्यावर तेथील लोकांनी मोंताल्चीनोत आपले प्रजासत्ताक आणखी चार वर्षे तगवले होते, आणि तो चढ चढून गेल्यावर त्यांनी हीच जागा का निवडली ते पायांनाच कळते. तेथून तोर्रेनिएरीमार्गे सान क्विरिकोला उतरा.

पाचवा दिवस हलका ठेवा. सान क्विरिकोत सामान ठेवून वितालेताच्या छोट्या चॅपेलवरून पांढऱ्या वाटांनी पिएन्झाला जाऊन परत या. दुसरा पायस या पोपने आपल्या जन्मगावाचा १४५९ पासून तीन वर्षांत बेर्नार्दो रोस्सेल्लीनो या वास्तुकाराकडून कायापालट करून घेतला, तेच हे गाव. येथे मेंढ्यांचे कळप असतात आणि त्यांच्यासोबत मोठे पांढरे राखणीचे कुत्रे असतात. ते धावून आले तर वेग वाढवून पळू नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, शांत आवाजात बोलत कळपाला वळसा घालून चालत जा. तुम्ही कळपापासून दूर गेलात की त्याचे काम संपते.

शेवटचा दिवस सर्वांत कठीण आहे. बान्यो विन्योनीच्या गरम पाण्याच्या चौकात थोडे थांबा (त्या कुंडात उतरायला मनाई आहे), आणि तेथेच सगळ्या बाटल्या भरून घ्या, प्रत्येकी तीन लिटर तरी, कारण पुढे पाण्याच्या जागा फारच थोड्या आहेत. नळावर पाणी पिण्याजोगे नसल्याची पाटी असेल तर ती पाळा. ओर्चा नदीच्या पात्रापासून रादिकोफानीपर्यंत निव्वळ चढच ५०० मीटरहून अधिक आहे, आणि किल्ल्याचा बुरूज दिवसभर समोर दिसत राहतो, तो जवळ येताना मात्र दिसत नाही. सकाळी सातला निघालात तर तीनच्या सुमारास वर पोहोचाल. इटलीत सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही, तरी ते घालाच. वस्तीबाहेर अंधारात आणि बोगद्यात परावर्तक जाकीट मात्र कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा उशीर झालाच तर ते वरच्या पिशवीत हवे. रादिकोफानीला रात्र काढून सकाळी सार्तेआनोमार्गे क्यूझीच्या रेल्वे स्थानकावर उतरता येते. तेथून फ्लॉरेन्सकडे प्रादेशिक गाड्या जातात, आणि वेळापत्रकात ज्या गाडीपुढे सायकलचे चिन्ह असेल तिच्यात सायकलचे वेगळे तिकीट काढून ती उभी नेता येते.